बेंबीजवळची जखम भरत नाही, आणि डॉक्टर घरचेच आहेत

नागपूरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून ते थोडक्यात असं: "पत्नीचं वय ४१. पित्ताशयातल्या खड्यांसाठी पाच महिन्यांपूर्वी एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीने ऑपरेशन झालं. बिल ६८ हजार. तिसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, आठव्या दिवशी टाके निघाले, जखम कोरडी होती. बत्तिसाव्या दिवशी बेंबीजवळच्या भोकाशी गाठ आली, फुटली आणि पातळ पाणी येऊ लागलं. सर्जन म्हणाले, टाक्याचं इन्फेक्शन आहे. अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. चार दिवस बरं वाटतं, परत पाणी. गेल्या महिन्यात जखमेतला तुकडा काढून तपासला, 'टीबीसारखं दिसतं' म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. तेव्हापासून आईने पत्नीची ताट-वाटी वेगळी केली आहे. त्याच दिवशी तिथेच ऑपरेशन झालेल्या आणखी एका बाईंनाही हाच त्रास आहे असं नुकतंच कळलं. मेहुणे म्हणतात, पोलिसांत जा, एक कोटीची केस टाका. आई म्हणते, याच डॉक्टरांनी बाबांचा हर्निया केला, पैसे कमी घेतले, घरच्या माणसावर केस करायची का? शिवाय संमतीपत्रावर सही आमचीच आहे. ही हलगर्जी आहे का? आम्ही काय करावं?"

आधी ताट-वाटीचं बोलू. ती आजच परत एकत्र ठेवा. टीबी पसरतो तो फुप्फुसाचा किंवा घशाचा असेल तर, खोकल्यातून हवेवाटे. पोटाच्या कातडीतला टीबी भांड्यांतून कुणाला लागत नाही. आणि तुमच्या पत्नीचा आजार टीबी नसून दुसराच असेल, ज्याबद्दल खाली लिहितो, तर तोही सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. चार महिने वाहती जखम सांभाळणाऱ्या बाईला घरातच वेगळं जेवावं लागणं हा त्रास तरी तुमच्या हातात आहे.

आता आजार. पत्र वाचून निदान करता येत नाही, पण तुम्ही दिलेला बत्तीस हा आकडा फार बोलका आहे. ऑपरेशनच्या जखमेत नेहमीचे जंतू शिरले तर ते साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात कळतं. जखम लाल होते, ठणकते, दाट पू येतो, ताप चढतो. इथे टाके काढताना जखम कोरडी होती. महिन्याने गाठ, पातळ पाणी, तापाचा उल्लेख नाही, अँटिबायोटिक असेपर्यंत जरा बरं आणि बंद झालं की पुन्हा तेच. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर असं चित्र दिसलं की पहिला संशय घ्यावा लागतो तो अटिपिकल मायकोबॅक्टेरियाचा. हे टीबीच्या जंतूचे चुलतभाऊ. फॉर्च्युइटम, किलोनी, अब्सेसस अशी त्यांची नावं. ते पाण्यात आणि मातीत राहतात, नळाच्या पाण्यातही असतात. धडधाकट माणसाच्या अंगावरून रोज वाहून गेले तरी काही करत नाहीत. पण इन्स्ट्रुमेंटबरोबर कातडीखालच्या चरबीत पोचले की तिथे तीन ते सहा आठवडे, कधी जास्तही, गुपचूप वाढतात.

म्हणूनच पत्रातला 'टीबीसारखं दिसतं' हा शब्द मला खटकला. सूक्ष्मदर्शकाखाली या जंतूंची गाठ आणि टीबीची गाठ सारखीच दिसू शकते. दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींची बारीक गाठ, दिसतो. नुसत्या बायोप्सीवरून टीबी ठरवला तर चुकण्याला जागा राहते, आणि ही चूक महाग पडते. टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांना हे जंतू दाद देत नाहीत. म्हणजे सहा महिने गोळ्या खायच्या, लिव्हरवर ताण घ्यायचा, आणि जखम जिथल्या तिथे.

तरी गोळ्या स्वतःहून बंद करू नका. खरा टीबी असला आणि औषध मध्येच सोडलं तर तेही धोक्याचं. सर्जनना दोन गोष्टी विचारा. सीबीनॅट (नमुन्यात टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) केली होती का? आणि टीबीची नोंद सरकारकडे केली का, निक्षय आयडी काय? खासगी डॉक्टरांनाही टीबीचा प्रत्येक रुग्ण कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे. दोन्हींची उत्तरं 'नाही' आली तर निदान अंदाजावर चाललं आहे असं समजा आणि सगळे कागद घेऊन छातीरोगतज्ज्ञ किंवा संसर्गरोगतज्ज्ञाकडे जा. नमुन्यात अॅसिड-फास्ट जंतू (एएफबी, म्हणजे टीबीच्या कुळातले) दिसतात पण सीबीनॅट निगेटिव्ह येते, असं असेल तर चुलतभावांचा संशय पक्का होत जातो.

तपासणी नेमकी कुठे फसते ते सांगतो, कारण या पत्रासारख्या बहुतेक घरांत ती तिथेच फसलेली असते. जखमेवर कापसाची काडी फिरवून घेतलेला स्वॅब इथे कामाचा नाही. गाठीतला पू सिरिंजने ओढून घ्यावा, किंवा त्याहून चांगलं, भोकाच्या कडेचा नि आतल्या वाटेचा तुकडा घ्यावा. या तुकड्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मालिनमध्ये, बायोप्सीसाठी. दुसरा निर्जंतुक डबीत, साध्या सलाईनमध्ये, कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्यासाठी. घाईत सगळाच तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचं करणार? गेल्या महिन्यात तुमच्याकडे बहुधा हेच झालं असावं. पुन्हा नमुना घ्यावा लागला तर डबी तुमच्या समोर भरू द्या.

दुसरी अडचण वेळेची. नेहमीच्या कल्चरची प्लेट दोन दिवसांनी टाकून देतात आणि 'वाढ नाही' असा रिपोर्ट येतो. हे जंतू मायकोबॅक्टेरियात झटपट वाढणारे म्हणून ओळखले जातात, तरी प्लेटवर दिसायला आठवडाभर लागू शकतो. म्हणून फॉर्मवर डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या: एएफबी कल्चर, नॉन-ट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरियाचा संशय, जंतूची जात ओळखून औषधांची सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडतं ते) हवी. किलोनीला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, शरीराच्या ३७ अंशांवर तो रुसतो. हे लॅबला आधी सांगितलं तर ते दोन्ही तापमानांवर प्लेट ठेवतात. एमजीआयटी हे द्रवातलं कल्चर ४२ दिवसांपर्यंत पाहिल्याशिवाय निगेटिव्ह म्हणत नाहीत. नमुन्याआधी काही दिवस अँटिबायोटिक थांबवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे सूक्ष्मजीवशास्त्र विभाग आहेत. खासगी लॅबला द्यायचं असेल तर नमुना देण्याआधी 'जात आणि सेन्सिटिव्हिटी दोन्ही देता का' हा एकच प्रश्न फोनवर विचारा.

जंतूचं नाव कळलं की उपचार सरळ होतात, लांब असले तरी. सेन्सिटिव्हिटी पाहून किमान दोन औषधं एकत्र देतात: क्लॅरिथ्रोमायसिन, ॲमिकासिनची इंजेक्शनं, मॉक्सिफ्लॉक्सासिन, लिनेझोलिड यांपैकी. साधारण चार ते सहा महिने. बरेचदा ती वाहणारी वाट शस्त्रक्रियेने पूर्ण काढून टाकावी लागते. ॲमिकासिनने कान आणि किडनीला इजा होऊ शकते, तेव्हा क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) नि कानाची तपासणी सुरुवातीला आणि मधूनमधून झालीच पाहिजे. पत्नी कोलेस्टेरॉलची गोळी घेत असतील तर क्लॅरिथ्रोमायसिन सुरू होण्याआधी सांगा; सिमव्हॅस्टॅटिनबरोबर ते चालत नाही. ड्रेसिंगला नळाचं पाणी नको, सलाईन वापरा, आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी फेकून द्या.

कल्चरमध्ये काहीच आलं नाही तर? मग न विरघळणारा टाका आत राहिला आहे का, पित्ताशय बाहेर काढताना एखादा खडा त्या भोकात निसटला आहे का, हे सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये पाहावं लागेल. असेही प्रसंग असतात आणि त्यात इन्स्ट्रुमेंटचा दोष नसतो. म्हणून जंतूचं नाव हाती येईपर्यंत कुणावर बोट ठेवू नका.

आता हलगर्जीचा प्रश्न. मेहुणे धरून चालले आहेत की इन्फेक्शन झालं म्हणजे कुणीतरी चुकलंच. आई धरून चालल्या आहेत की डॉक्टर भला माणूस आहे म्हणजे चूक झालीच नसेल. दोघांचंही तर्कट एकाच जागी अडतं: दोघेही माणसाकडे पाहतात. कायदा पाहतो तो कामाकडे. सर्व काळजी घेऊनही काही रुग्णांना इन्फेक्शन होतं, मधुमेह किंवा जास्त वजन असेल तर अधिकच, आणि तेवढ्यावरून कोर्ट डॉक्टरला दोषी धरत नाही. त्या कामात वाकबगार असलेला सर्वसाधारण डॉक्टर जेवढी काळजी घेतो तेवढी इथे घेतली गेली का, हा कायद्याचा प्रश्न.

तुमच्या बाबतीत हा प्रश्न दोन जागी विचारता येतो. पहिली जागा ऑपरेशन थिएटर. पोटात भोक पाडून सरकवतात ती नळी म्हणजे ट्रोकार. तिच्या आत रबरी झडप असते, सांधे असतात, आणि रक्त-चरबी तिथेच अडकते. प्रत्येक ऑपरेशननंतर ती सुटी करायची, एन्झाइमच्या पाण्यात ब्रशने घासायची, धुवायची, वाळवायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, घालायची: १२१ अंशांवर, किंवा १३४ अंशांवर कमी वेळ. दिवसाला पाच-सहा ऑपरेशनं आणि सेट एकच असला की इथे काटछाट होते. ट्रोकार ग्लुटारल्डिहाइडच्या हिरवट द्रावणात वीस मिनिटं बुडवतात आणि पुढच्या रुग्णाला वापरतात. वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण पूर्ण निर्जंतुक व्हायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. न घासता बुडवलं तर रक्त तिथेच गोठून पापुद्रा धरतं आणि जंतू त्याखाली सुरक्षित राहतात. वर या मायकोबॅक्टेरियाच्या काही जाती ग्लुटारल्डिहाइडला पुरून उरतात. शेवटी टाकीचं पाणी उकळून गार करून त्यात ट्रोकार विसळली की पाण्यातला जंतू पुन्हा तिच्यावर बसतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच थिएटरमधल्या दोघींना हाच त्रास होणं ही बाब फार वजनदार आहे. दोघींच्या कल्चरमध्ये एकच जात निघाली तर नशिबाकडे बोट दाखवणं कुणालाही अवघड जाईल.

दुसरी जागा ऑपरेशननंतरची. तीन महिने अँटिबायोटिक बदलत राहणं, पत्रावरून दिसतं तसं मध्ये एकदाही कल्चर न पाठवणं, आणि मग बायोप्सीच्या एका ओळीवर टीबीच्या गोळ्या सुरू करणं. इन्स्ट्रुमेंट स्वच्छ होते असं सिद्ध झालं तरी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागेल. माझ्या मते तुमची ही बाजू पहिलीइतकीच भक्कम आहे, आणि ती सिद्ध करायला लागणारे सगळे कागद तुमच्याच घरातल्या फाइलमध्ये आहेत.

संमतीपत्राची काळजी सोडा. त्यावर सही म्हणजे ऑपरेशनला आणि त्याच्या ज्ञात धोक्यांना होकार. काळजी न घेण्याला होकार कुणी देत नाही आणि देता येतही नाही.

आता कागद. यात दिरंगाई नको. पत्नीच्या सहीने, साध्या भाषेत अर्ज द्या: 'माझी अमुक तारखेला आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली. माझ्या संपूर्ण इनडोअर केस पेपरची सत्यप्रत मिळावी. यात संमतीपत्र, ऑपरेशन नोट्स, ॲनेस्थेशिया चार्ट, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, बायोप्सीचे रिपोर्ट आणि सर्व बिलं असावीत. प्रतीचा खर्च मी देईन.' दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नोंदी जपून ठेवायची सक्ती मात्र तीनच वर्षांची, म्हणून आत्ताच मागा. अर्जात कारण लिहायची गरज नाही. 'दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं आहे' एवढं तोंडी सांगा, आणि ते खरंच आहे.

प्रती आल्या की ऑपरेशनच्या पानावर एक छोटी पट्टी शोधा. निर्जंतुकीकरण झालं की रंग बदलणारी इंडिकेटर पट्टी अनेक ठिकाणी फाइलला चिकटवतात. ती असेल तर डॉक्टरांच्या बाजूचा पुरावा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करा. नसेल तर तेवढ्यावरून गुन्हा होत नाही, पण त्या दिवसाचं ऑटोक्लेव्ह रजिस्टर मागायला आधार मिळतो. बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडे असतात. त्याही मागता येतात आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात.

रस्ते कोणते? पोलिसांचा रस्ता मी आज सुचवणार नाही. रुग्ण हयात असताना निष्काळजीपणाने इजा झाल्याची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली जाते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईला ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो आणि त्याआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं. त्यात महिने जातात, आणि भरपाईचा प्रश्न तिथे सुटत नाही.

भरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं. २०१९ च्या कायद्यात तक्रार कुठे दाखल करायची हे तुम्ही किती भरपाई मागता त्यावर ठरत नाही. सेवेसाठी किती पैसे दिले त्यावर ठरतं. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग; आपला सिव्हिल लाईन्समध्ये आहे. तुम्ही ६८ हजार दिलेत, म्हणजे तक्रारीची फी शून्य. ती पाच लाखांपर्यंत लागतच नाही. एक कोटीचा आकडा टाकून वजन वाढत नाही. झालेला खर्च, पुढच्या सहा महिन्यांच्या औषधांचा अंदाज, दुसरं ऑपरेशन, बुडालेली मजुरी किंवा पगार, आणि झालेला त्रास असा हिशेब मांडा. औषधाच्या दुकानाची पावती पत्नीच्या नावाने, तारखेसह घ्या. इन्स्ट्रुमेंट सर्जनच्या बॅगेतले होते की नर्सिंग होमचे, यावरून ते दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील. दोघांनाही पक्षकार करा. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरच्या कामाची जबाबदारी रुग्णालयाला झटकता येत नाही.

मुदत दोन वर्षांची. ती ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे वाद उरत नाही. दुखणं उशिरा कळलं तर कोर्ट कधी सवलत देतं, पण त्यावर विसंबू नये. एका रुग्णालयात १९९३ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या बाईंच्या पोटात २००२ मध्ये कापडाचा बोळा सापडला, तरी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं पोट दुखत असताना त्या डॉक्टरांकडे परत गेल्या नाहीत, हे त्यांच्या विरोधात गेलं. म्हणून सर्जनकडे जाणं एकदम तोडू नका. प्रत्येक भेटीची तारीख आणि ते काय म्हणाले, वहीत लिहा.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचं नाही, असं २०१० च्याच दुसऱ्या निकालात म्हटलं आहे. तरी अशा तांत्रिक प्रकरणात दुसऱ्या सर्जनचं किंवा सूक्ष्मजीवतज्ज्ञाचं लेखी मत असलं की काम निम्मं होतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

तिसरा रस्ता तुमच्या घरात कुणी सुचवलेला दिसत नाही. नर्सिंग होमची नोंदणी महापालिकेचा आरोग्य विभाग करतो आणि तपासणीचा अधिकारही त्याचाच. तिथे लेखी तक्रार दिली तर निर्जंतुकीकरणाची व्यवस्था पाहायला माणसं जाऊ शकतात. भरपाई मिळणार नाही, पण उद्या त्याच टेबलावर झोपणाऱ्या बाईंसाठी हाच रस्ता उपयोगाचा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार करता येते; तिथेही पैसे मिळत नाहीत.

आईंचा मुद्दा मी हलका मानत नाही. वर्षानुवर्षांचं नातं आहे. त्याचा मान ठेवायचा असेल तर कोर्टाआधी डॉक्टरांना एकदा शांतपणे भेटा आणि तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी इन्स्ट्रुमेंट्स कशाने निर्जंतुक केले, आमचा नंबर कितवा होता, आणि आणखी कुणाला असा त्रास आहे का. खरा घरचा माणूस उत्तर देईल, स्वतःहून कल्चरला पाठवेल, पुढच्या उपचारांचा खर्च उचलायची तयारी दाखवेल. असं झालं तर लेखी तडजोड हा वाईट पर्याय नाही. पण पूर्ण बरं होईपर्यंत 'यापुढे काही मागणी नाही' अशा कागदावर सही करू नका.

एक गोष्ट मात्र सगळ्याआधी. पत्रात तुमचं मत आहे, मेहुण्यांचं आहे, आईंचं आहे. ताईंना काय हवंय, ते कुठे दिसलं नाही. अर्जावर सही त्यांची, तक्रार त्यांच्या नावाची, आणि आयोगापुढे जखमेबद्दल सांगावं लागलं तर तेही त्यांनाच. आज जेवताना विचारा.

आणि त्या दुसऱ्या बाईंकडे जा. केसची भाषा करत जाऊ नका. त्यांनाही कदाचित टीबीच्याच गोळ्या सुरू असतील आणि त्यांचाही तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला असेल. दोन डब्यांची गोष्ट त्यांना सांगा. तुमचा कल्चर रिपोर्ट आला की त्याची एक झेरॉक्स त्यांच्या डॉक्टरांसाठी द्या.